माझी उपटलेली खोली

मित्रांनो, मी एक जुनी, पुठ्ठ्याची इमारत आहे आणि माझा राग अजून निवलेला नाही.

फुटबॉल क्लबला सराव आणि कारभारासाठी नवी इमारत हवी होती. ती कशी दिसेल हे आधी कळावे म्हणून आर्किटेक्टबाईंनी मला बनवले. त्याआधी त्या मैदानावर गेल्या. तिथे मुलींचा संघ धरलेल्या छत्र्यांच्या आडोशाला कपडे बदलत होता. गोलरक्षक मुलीला सगळे ‘भिंत’ म्हणत. ती म्हणाली, “ताई, बाकी काही नको. आतून कडी लागेल असं एक दार द्या.”

बाईंनी माझ्यात सर्वांत आधी मुलींची खोली चिकटवली. व्यायामशाळा, दवाखाना, कार्यालय, सगळे नंतर.

सभेत माझे फार कौतुक झाले. “झकास!” म्हणत अध्यक्ष माझ्याभोवती फिरले. मग त्यांचे बोट त्या खोलीवर थांबले.

“इथे पाहुण्यांचं दालन करा. सोफे, गालिचा, सगळं.”

“मग मुली कपडे कुठे बदलणार?” बाईंनी विचारले.

“अहो, आजवर बदलतच होत्या की! त्यांचं काय अडलंय?”

आणि त्यांनी ती खोली चिमटीत धरून टरकन उपटली. बाई एकट्या भांडल्या, पण नकाशा बदललाच.

इमारत उभी राहिली. मला प्रवेशद्वाराशी काचेच्या पेटीत ठेवले. उद्घाटनाला सामना मात्र मुलींचा ठेवला. पाहुण्यांना त्यांच्यासोबत फोटो हवे होते ना! सामना संपला. चिखलाने माखलेला संघ माझ्यासमोरून थेट पाहुण्यांच्या दालनात शिरला आणि ‘भिंत’ने आतून कडी घातली.

अध्यक्षांनी दार बडवले. “उघडा! पाहुणे खोळंबलेत!”

“कपडे बदलतोय, साहेब. तोवर त्यांना मैदान दाखवा.”

“अगं, गालिच्याचं वाटोळं होईल!”

गर्दीतून अध्यक्षांची आई पुढे आली. “होऊ दे की! मुली कपडे बदलतायत आणि तू दारात काय उभा? हो बाजूला!”

साहेब बाजूला झाले.

तेव्हापासून ती खोली मुलींची आहे. सोफे गेले, बाकडी आली. अध्यक्ष मात्र प्रत्येक भाषणात सांगतात, “मुलींची सोय आम्ही पहिल्यापासूनच केली होती.” ते ऐकून माझ्या पुठ्ठ्याचा नुसता जळफळाट होतो!

मित्रांनो, उद्या तुम्ही काही बांधाल तेव्हा तिथे घाम गाळणाऱ्यांना आधी विचारा. माझ्या पेटीवर धूळ साचली आहे. ती राहू द्या. मुलींच्या खोलीच्या दारावर अजूनही ‘पाहुण्यांचे दालन’ अशी पाटी आहे. आधी ती उतरवा.