निळ्या काठाचा कोंबडा

स्वतःच्या बापाचं घर बघायला तिला परक्या लोकांच्या रांगेत उभं राहावं लागलं, इथेच तिचं डोकं फिरलं.

म्हातारा जन्मभर लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवत होता. काम सुटलं आणि घरच्याच भिंतींच्या मागे लागला. फुटके कप, कान तुटलेल्या किटल्या, आरशांचे तुकडे, बाहुल्यांचे हात, जे मिळेल ते आणून भिंतींवर चिकटवायचा. आता ते बघायला लांबून लोक येत. तिची खोलीही भंगाराने भरली, तेव्हा "हे राहील नाहीतर मी" असं बजावून ती निघून गेली होती. राहिलं भंगार. अकरा वर्षं तिने इथे पाऊल टाकलं नाही. मागच्या महिन्यात आई गेली तेव्हासुद्धा स्मशानातूनच परतली. आज आली ती फक्त निळ्या काठाच्या बारा ताटल्या न्यायला. आईने त्या तिला कबूल केल्या होत्या.

आणि त्या ताटल्या अंगणातल्या भिंतीवर होत्या. माणसाएवढा कोंबडा, अंगभर त्यांचेच तुकडे. लोक कौतुकाने फोटो काढत होते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आईच्या ताटल्या फोडल्यात तुम्ही?" चारचौघांतच तिने बापाला धरलं. "काही वाटलं कसं नाही?"

म्हातारा सिमेंट कालवत होता. "मी अख्खी वस्तू कधी फोडत नाही. फुटलेलंच लावतो."

"मग काय आपोआप फुटल्या?"

"तुझ्या आईने फोडल्या. तुझ्या दर वाढदिवसाला यातल्या एका ताटलीत तुझं जेवण वाढून ठेवायची. संध्याकाळपर्यंत वाट बघायची. मग ताटली आपटायची आणि तुला शिव्या घालायची." त्याची थापी थांबली. "मलाही घालायची. खोली अडवली म्हणून. तुकडे मी वेचायचो."

तिला आणखीच राग आला. एक फोन करायला काय झालं होतं आईला? आणि आपल्याला तरी काय झालं होतं? समोरच्या कोंबड्याला एकच पाय होता. दुसऱ्याच्या जागी नुसतं सिमेंट.

म्हाताऱ्याने आतून बारावी ताटली आणून तिच्या हातात दिली. "ही उरली. तुझीच आहे, घेऊन जा."

ताटली काखेत मारून ती फाटकापर्यंत गेली. तिथून तणतणत परत आली, सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि ती फडताळात ठेवली.

"पुढच्या महिन्यात वाढदिवसाला जेवायला येते," बाहेर येऊन ती म्हणाली. "यातच वाढा. आणि त्या कोंबड्याला राहू द्या लंगडा."