सतराव्या मैलावरचं नाव

सतराव्या मैलाच्या दगडावरच्या नावाची पहिली चार अक्षरं उडाली होती. पाचव्यावर दिझास पाथरवटाची छिन्नी टेकली, तेवढ्यात पूर्वेकडून टापा वाजल्या. स्वार जवळ आला तशी त्याच्या भाल्याला बांधलेली हिरवी डहाळी दिसली, आणि दिझासच्या हातातली हातोडी गळून पडली.

डहाळी म्हणजे जय. तीन दिवसांपूर्वी गेलेल्या स्वाराच्या भाल्याला पीस होतं. पीस म्हणजे वाईट बातमी. तेव्हा रोमचा सम्राट गेला, बंडखोर जिंकला, असंच घोडे बदलायच्या ठाण्यावर सगळे धरून चालले. सम्राट पडला की मैलाच्या दगडांवरचं त्याचं नाव खरवडायचं, ही रोमच्या थ्रेस प्रांतातल्या या रस्त्याची जुनी रीत. ठाणेदार मुकापोरनं मोहोरबंद पत्राची वाट न बघता तोंडी हुकूम सोडला होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

“सम्राट जिवंत आहे रे!” स्वार ओरडला. “बंडखोराचं मुंडकं भाल्यावर चढलंय. उद्या दुपारी फौज येतीय!”

खरवडलेलं दिसू नये म्हणून दिझासनं पाठ दगडाला चिकटवली. स्वार धूळ उडवत निघून गेला. जिवंत सम्राटाचं नाव खोडणं म्हणजे राजद्रोह, आणि राजद्रोहाला शिक्षा एकच.

तो धापा टाकत ठाण्यावर पोचला.

“ठाणेदार, खरवडायला तुम्हीच सांगितलं होतंत. आता काय करू?”

“मी? कधी?” मुकापोर घोड्याच्या टापेतला खडा काढत राहिला. “लेखी आहे का तुझ्याकडं?”

“मला कुठं वाचता येतंय लेखी!”

“मग झालं तर.”

तीस वर्षं दिझासनं दुसऱ्यांचे शब्द दगडात कोरले होते. त्याच्या बाजूनं बोलणारा एक शब्द कुठं लिहिलेला नव्हता. तो तसाच घरी गेला.

बायको, झायका, राळ्याची पेज ढवळत होती.

“ऊठ आणि नीघ,” सगळं सांगून तो म्हणाला. “आत्ता, उजेड आहे तोवर.”

“कुठं?”

“ते मला सांगूच नकोस. चाबूक पडायला लागले की माझं तोंड सुटेल. बायकोलाही सोडत नाहीत ते.”

“डोकं फिरलंय का तुझं, म्हाताऱ्या? तुला एकट्याला टाकून जाऊ?”

“मी पळालो तर माग काढतील. तू राहून काय करशील? एकाच्या जागी दोन मुंडकी उडवायला त्यांना काय जड जातंय?”

मग तिनं पेज त्याच्या पुढ्यात ठेवली, मीठ राहिलं होतं ते घातलं, आणि शाल ओढून बाहेर पडली. ती नदीकडं वळली की डोंगराकडं, ते कळू नये म्हणून तो भिंतीकडं तोंड करून बसला.

उजाडताच तो दगडापाशी गेला. वाचता येत नसलं तरी चाळीस दगडांवर कोरून ते नाव हाताला पाठ झालं होतं. खरवडलेल्या खळग्यात त्यानं ते पुन्हा, पहिल्यापेक्षा खोल कोरलं. दोनदा छिन्नी अंगठ्याला लागली. खळगा मात्र आंधळ्यालाही कळला असता.

दुपारी फौज आली. पुढचा अधिकारी थांबला, घोड्यावरून उतरला आणि त्यानं खळग्यावरून बोट फिरवलं.

“बाकीचे दगड सपाट आहेत. इथंच नाव एवढं खोल का?”

दिझास छिन्नी पाठीमागं धरून म्हणाला, “वरवरचं नाव खोडता येतं, मालक. खोल गेलेलं नाही येत.”

अधिकाऱ्यानं त्याच्याकडं रोखून पाहिलं. मग हसला. “शहाणा आहेस. पुढच्या सगळ्या दगडांवर असंच कोर.”

फौज गेली. दिझास तिथंच बसला आणि जीव वाचला म्हणून हमसून रडला. मग झायकाला बोलवायचं त्याच्या मनात आलं. बोलवायचं कुठून? सरकारी स्वार गरिबाचा निरोप नेत नाहीत, आणि न्यायचा तरी कुणीकडं, हे त्यानंच विचारलं नव्हतं.

तेव्हापासून पुढच्या दगडांवर काम करताना खेचरवाला दिसो की मेंढपाळ, तो छिन्नी खाली ठेवायचा.

“बाबा, झायका नावाची बाई कुठं भेटली, डाव्या गालावर तीळ आहे, तर सांगा. दिझास जिवंत आहे म्हणावं.”

ते मान डोलवायचे. तो त्यांच्याकडून ‘दिझास जिवंत आहे’ एवढं एकदा म्हणवून घ्यायचा, मगच वाट सोडायचा.