माझ्या नावावर चाललेली कंपनी

सोमवारी सकाळी खुर्चीत टेकले, कॉम्प्युटर सुरू केला, तर पडद्यावर काय? ‘ओळख पटली नाही.’ आता बोला! चितेगावच्या या कंपनीत माझी अर्धी हयात गेली. गेटवरच्या कुत्र्यालाबी माझी ओळख पटते, अन् या डबड्याला पटंना!

मी सत्यशीला. डिस्पॅचला क्लार्क. गिअरचे खोके ट्रकात भरून, बिलं करून रवाना करायचे, हे माझं काम. आमच्याकडं नेटची वायर नुसती खोचून भागत नाय. आधी नाव अन् पासवर्ड द्यायचा, तो पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या मशीनला पटला तरच वायरीत नेट येतं. पासवर्ड अधूनमधून बदलायचा, असा वरून हुकूम आहे. मी शनिवारी घरी निघताना पहिल्यांदाच बदलला होता. तोच नवा पासवर्ड टाकला. नाय. चष्मा पुसून परत टाकला. ‘तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे.’

खिडकीशी अजिनाथ ड्रायव्हर येऊन उभा राहिला. त्याचा ट्रक भरून तयार होता, पण ई-वे बिलाशिवाय गेटच्या बाहेर काढता येत नाय.

“झालं का ताई?”

“होतंय. चहा घे जा.”

एरवी मी एवढी घाबरले नसते. पण डिस्पॅच इनचार्जची जागा रिकामी झाली होती. तिथं कुणाला बसवायचं, अशी पुण्याहून विचारणा आली होती, अन् आमच्या मॅनेजरनं, शिवराज साहेबांनी, माझी शिफारस पाठवायची तेवढी बाकी होती. ‘करतो, करतो’ म्हणत साहेबांनी महिना काढला होता. माझ्या हाताखाली काम शिकलेली दोन पोरं माझ्या डोक्यावरून इनचार्ज होऊन गेली, तेव्हा मी पेढे खाऊन गप्प बसले होते. या वेळी मला ती जागा पाहिजे होती. अन् अशात एखादा मेमो फायलीला लागला की खेळ खलास.

तेवढ्यात स्टोअरचे पुंडलिककाका आले. “बाई, माझं नेट गेलं.” मागून कॅन्टीनच्या चंपाबाई. “कुपनाचं मशीन बंद पडलंय वो.” मग वजनकाट्यावरचा माणूस, मग तपासणीवाले. अख्खी कंपनी माझ्या टेबलाभोवती गोळा झाली, जसं काही नेट मीच पदराला बांधून ठेवलंय.

गर्दी बघून शिवराज साहेब आले. “सत्यशीलाबाई! सगळा प्लांट बंद पाडलात तुम्ही! पासवर्ड बदलायच्या आधी विचारायचं नाय का? मेमो देतो तुम्हाला. घ्या, टाईप करा.”

ऐकलं का? माझा मेमो मलाच टाईप करायला लावत होते! त्यांचाबी इलाज नव्हता म्हणा, त्यांचं एकूण एक पत्र मीच टाईप करते.

“करते की साहेब,” मी म्हणाले. “पण प्रिंटर नेटवर चालतो.”

साहेबांनी जरा विचार केला. “मग नेट आल्यावर करा,” म्हणाले, अन् गेले.

मी पुण्याला मदतीच्या नंबरवर फोन लावला. अमृता नावाची मुलगी होती. लई गोड बोलत होती. “मॅम, तुमचं खातं मी उघडलंय. बघा बरं आता.”

उघडलं! मी घाईघाईनं बिल काढायला घेतलं. ट्रकचा नंबर टाकून होतोय तोवर परत बंद. तिनं परत उघडलं, परत बंद. तिसऱ्यांदा तर मी हात चालवायच्या आधीच गेलं. माझा पारा चढला. “अगं बाई, तू उघडतीस का लावतीस?”

“मॅम, मी नाही लावत,” ती बिचारी म्हणाली. “तुमच्या नावानं दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सारखा जुना पासवर्ड येतोय. चुकीचा पासवर्ड लागोपाठ आला की खातं आपोआप बंद होतं. तुम्ही कोणाला पासवर्ड दिला होता का?”

काय सांगणार तिला? कोणाला दिला नव्हता, ते विचार म्हणावं! नवीन पद्धत आली तेव्हा प्रत्येकानं आपलं नाव अन् मोबाईल नंबर पुण्याला कळवून आपापलं खातं घ्यायचं होतं. पण पुंडलिककाकांना वाटलं नंबर दिला की बँकेतले पैसे जातात. चंपाबाईंचा मोबाईल पोरानं नेलेला. बाकीच्यांना कंटाळा. तेव्हा साहेबच म्हणाले होते, “एवढी झंझट कशाला? सगळ्यांना सत्यशीलाबाईंचं टाका.” अन् मीबी मेली खुशीत येऊन प्रत्येकाला टाकून दिलं. तो पासवर्ड प्रत्येक मशीननं जपून ठेवला होता. आता तीच मशिनं सकाळपासून माझ्या नावानं जुना पासवर्ड पुण्याला पाठवत होती.

“यावर उपाय?”

“सगळीकडून तुमचं नाव काढावं लागेल. तोवर त्यांच्या वायरी उपसून ठेवा.”

निघाले पदर खोचून, मोबाईल कानाला. वजनकाट्याची वायर उपसली. तपासणीवाल्यांची उपसली. स्टोअरमध्ये पुंडलिककाका आडवेच आले. “बाई, रोज सकाळी पडद्यावर तुमचं नाव येतं. सवय झालीय. आता माझं नाव आलं तर मला कसंतरी व्हईल.”

“होऊ द्या, काका. स्वतःच्या नावाची सवय करा जरा.”

चंपाबाईंनी तर कुपनाच्या कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावून ठेवलेलं. “ते रोज सत्यशीला म्हणून लिहून दाखवतंय,” त्या म्हणाल्या. “मी बी नमस्कार करती. काम नसलं तरी वळख ठिवावी.” मला हसू आवरंना, पण वायर ओढलीच.

परत टेबलाशी आले. घामाघूम. अजिनाथ खिडकीत तसाच उभा. साहेबबी येऊन उभे राहिले, घड्याळ बघत. मी फोन स्पीकरवर टाकला. अमृतानं खातं उघडलं, मी नाव टाकलं, अन् गेलं परत बंद. मला रडूच यायचं बाकी होतं.

“मॅम, अजून एक कॉम्प्युटर राहिलाय.”

“नाय गं! सगळे झाले!”

“इथं नाव दिसतंय मला. थांबा हं. ‘मॅनेजर केबिन’ असं लिहिलंय.”

सगळे साहेबांकडं बघायला लागले. कंपनीच्या भिंतीभिंतीवर ‘आपला पासवर्ड कोणासही देऊ नये’ अशी पाटी आहे, खाली साहेबांची सही. अन् सही करणारा माणूस इतके दिवस माझ्या पासवर्डवर बसला होता!

“असंल काही तरी टेक्निकल,” साहेब पुटपुटले, अन् केबिनकडं गेले. मी मागोमाग. वायर टेबलाच्या पार मागं होती. मी वाकले नाय. दारात उभी राहिले. शेवटी साहेब स्वतः गुडघ्यावर बसले, टेबलाखाली शिरले, अन् वायर उपसून धुळीचं डोकं घेऊन बाहेर आले.

त्यानंतर माझं खातं उघडलं ते उघडंच राहिलं. बिल निघालं. अजिनाथ ट्रक घेऊन असा सुटला, की मागं वळून बघितलं नाय.

दुपारपर्यंत अमृतानं फोनवरूनच एकेकाला नवीन खातं काढून दिलं, साहेबांनाबी. संध्याकाळी सुटायच्या वेळेला साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“पुण्याहून विचारणा आलीय,” ते म्हणाले. “प्लांट का बंद होता, खुलासा पाठवा म्हणतेत. तुम्ही जरा लिहून देता का?”

“लिहिते की. अन् माझा मेमो?”

“कसला मेमो? सोडा हो ते.” मग माझ्या तोंडाकडं बघून घाईघाईनं म्हणाले, “आणि तुमची ती शिफारसबी राहिलीय. तीबी तुम्हीच लिहून टाका. मी सही करतो.”

माझं डोकंच फिरलं. महिनाभर या माणसाच्या तोंडाकडं बघत होते मी! “नाय साहेब,” मी म्हणाले. “खुलासा मी लिहिते. शिफारस तुम्ही लिहायची. तुमच्या हातानं, तुमच्या नावानं. आत्ता.”

आवाज जरा चढलाच होता. म्हणलं, आता नोकरी गेली तर गेली. पण साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. नवीन पासवर्ड कागदात बघून घातला. नेट आलं. मग एका बोटानं टाईप करायला लागले. बाहेर बसचा हॉर्न वाजला. क्रांती चौकाला, माझ्या घराकडं जाणारी कंपनीची शेवटची बस. गेली तर जाऊ दे. एवढ्या वर्षांत माझ्याविषयी कुणी चार ओळी लिहितंय, हे मी पहिल्यांदाच बघत होते, अन् खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले होते.

साहेबांचं बोट पहिल्याच ओळीत थांबलं. त्यांनी पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मान खाजवली.

“सत्यशीलाबाई,” ते म्हणाले, “तुमचं आडनाव काय हो?”

“हिवराळे,” मी म्हणाले. “लिहा, साहेब. सत्यशीला हिवराळे.”