परदेशी एक द्या

मी पाटी बोलतेय. दोन हात लांब, हातभर रुंद, पत्र्याची. पांढऱ्या रंगावर निळी अक्षरं आणि कडेनं लाल पट्टी. आज माझा रंग पोपडे धरून उडालाय, एक कोपरा गंजलाय आणि मी जिथं आहे तिथं सहसा पाट्या नसतात. पण ते शेवटी सांगते. आधी माझ्या ऐन भरातल्या दिवसांचं ऐका, कारण तेव्हा मला स्वतःचा फार गर्व होता, आणि गर्वाचं घर खाली असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जन्मानं मी तेलाचं पिंप. हिंगोलीच्या मालधक्क्यावर ते फुटलं, भंगारात गेलं आणि तिथून रामसिंग पेंटरनं मला उचललं. रामसिंग तांड्यावरचा माणूस. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडले. हा मात्र स्टेशनजवळच्या टपरीत बसून दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्यानं मला हातोडीनं ठोकून सपाट केलं. चांगला दोन दिवस ठोकत होता. माणसाला वळण लावायला एवढा वेळ कुणी देत नाही.

तिसऱ्या दिवशी किशनराव पाटील आले. सेनगावच्या वाटेवरच्या बारवखेड्याचे ते पाटील. गाव म्हणाल तर मूठभर, पण गावात सात टप्प्यांची जुनी दगडी बारव. पायऱ्यांवर कोरीव देवळ्या, तळाशी झरा. चौऱ्याहत्तर साली कुठल्याशा पेपरात तिचा फोटो छापून आला आणि अजिंठा-वेरूळ पाहायला आलेले गोरे लोक जीप करून इकडंही वळू लागले. मग गावानं कमिटी केली, आणि कमिटीनं भाव ठरवले.

“लिही,” किशनराव म्हणाले. “गावकरी, माफ. परगावचे, पंचवीस पैसे. परदेशी, पाच रुपये. आन् खाली बारीक अक्षरात लिही, परदेशी पाव्हण्यांनी वहीत नाव आन् देश लिहावा.”

रामसिंगनं कुंचला बुडवला आणि तसाच हातात धरून विचारलं, “पाटील, गावकरी म्हंजे कोन कोन धरायचे?”

“गावकरी म्हंजे गावकरी. ह्यात इचारायचं काय हाय? लिही तू.”

रामसिंगनं लिहिलं. मलाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. ओल्या रंगात मी नुसती चमकत होते.

बारवेच्या तोंडाशी एक लिंबाचं झाड आहे. त्याच्या बुंध्यावर मला ठोकलं. माझ्याखाली स्टूल टाकून ग्यानोबा बसायचा, तिकिटं फाडायला. परगावच्यांना पांढरं, परदेश्याला गुलाबी. निजामाच्या राज्यात ग्यानोबा गावात दवंडी द्यायचा. दवंडी गेली, आवाज राहिला. त्याला अक्षरं धड लागत नव्हती, पण मी त्याला तोंडपाठ होते. कुणीही आलं की तो उभा राहायचा आणि ठणठणीत आवाजात सांगायचा, “गावकरी माफ! परगावचे पंचवीस पैसे! परदेशी पाच रुपये!” समोर एकच माणूस असला तरी साऱ्या शिवाराला ऐकू जायचं. मला आपली आरती चालली आहे असं वाटायचं.

ही आरती रोज ऐकणारं आणखी एक माणूस झाडाखाली असायचं. चांगुणाबाई. वय साठीकडं झुकलेलं, अंगावर विटकं लुगडं, हातात खराटा. बारवेभोवतीचं अंगण झाडायला कमिटीनं तिला ठेवलं होतं. अंगण तिनं झाडायचं, पायऱ्या मात्र ग्यानोबानं. असं का, हे मला बरेच दिवस कळलं नाही. मला वाटलं, म्हातारीचे गुडघे दुखत असतील. किती भोळी होते मी!

माघात एक जीप आली. तिच्यातून गळ्यात कॅमेरा घातलेली एक गोरी बाई उतरली, आणि पाठोपाठ तिचा ड्रायव्हर, हिंगोलीचा हरिचंद. ग्यानोबानं दवंडी दिली. हरिचंदनं पंचवीस पैसे काढले. बाईकडं पाच रुपये मागितल्यावर तिचं तोंड लालबुंद झालं. ती काहीतरी ताडताड बोलली.

हरिचंद म्हणाला, “मॅडम पूछ रही है, बारव एक, पायरी एक. इसका चार आना और मेरा पाँच रुपया कायकू?”

तेवढ्यात किशनराव आले. “तिला सांग, ही बारव आमच्या आज्यापंज्यानं बांधली. गाळ आमी काढतो, दगड आमी बसवतो. तुमी एक दिस येनार, फोटो काढनार आन् जानार. पाच रुपयं म्हंजे तुमाला चहापान्याचे.”

मला ते पटलं. ज्याची राखण, त्याला सवलत. पण खरं सांगते, त्या बाईनं मान वर करून माझ्यावरची अक्षरं पाहिली तेव्हा मी थोडी ओशाळले. तिला ती वाचता येत नव्हती, तरी आपल्याला निराळं काढलंय एवढं तिला कळलं होतं. माझा तो पहिला धक्का. पुढचा किती मोठा आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

बाईनं पाच रुपये दिले आणि ती खाली उतरली. किशनरावांनी घरचा पितळी तांब्या पाठवला. ती झऱ्याचं पाणी प्यायली, तोंड धुतलं, शिवाय पाण्यात पाय सोडून बसली, हे काठावरून वाकून बघणाऱ्यांकडून मला कळलं. त्यांच्यातला एक जण कुजबुजला, “पाटील, जात ना पात ठाऊक, आन् बाईनं पाय बुडवले की पान्यात!”

किशनराव हसले. “आरं, पाव्हण्याला जात नसती. पाच रुपयं मोजलेत तिनं.”

सगळे हसले. झाडाखालचा खराटा तेवढा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

चांगुणाबाई गावाखालच्या बौद्ध वस्तीतली. छप्पन सालानंतर त्या वस्तीनं धम्म घेतला, जुनी कामं सोडली, पण गावाच्या डोक्यातली जुनी रेघ तशीच होती. वस्तीला विहीर वेगळी, आणि तिचं पाणी मचूळ. दुपारी तिकिटं नसली की ग्यानोबा स्वतःशीच बोलल्यासारखा बोलायचा, त्यातून मला पुढचं कळलं. बाहत्तरच्या दुष्काळात बारव आटून गाळानं भरली होती. सरकारी काम निघालं. सरकारी सुकडीच्या पिठावर आणि रोजावर वस्तीतली माणसं खाली उतरली. गाळ उपसताना कुणी कुणाला जात विचारली नाही. सातव्या टप्प्यावर चांगुणाबाईच्या नवऱ्याच्या, पुंजाजीच्या, पहारेखाली दगड हलला आणि झरा फुटला. चांगुणाबाई टोपलं घेऊन शेजारीच उभी होती. तिचे पाय घोट्यापर्यंत भिजले.

तेवढ्यात वरून हाक आली, “पानी लागलं का? मंग या वर सगळे.” ते वर आले. त्यानंतर त्या पायऱ्या त्यांना बंद झाल्या.

दोन वर्षांनी पुंजाजी तापानं गेला. शेवटच्या दिवसांत तो बायकोला सारखा विचारायचा, “चांगुणे, त्या झऱ्याचं पानी कसं लागत असंल गं?” तिला काय ठाऊक? हे सांगताना ग्यानोबानं डोळे पुसले. पायऱ्या झाडायला मात्र तो एकटाच उतरायचा.

चैत्रात एका सकाळी चांगुणाबाई आली ती खराट्याशिवाय. धुतलेलं लुगडं, डोक्यावर नीट पदर. ग्यानोबा सवयीनं उठला आणि सुरू झाला, “गावकरी माफ! परगावचे...” मग त्याला समोर कोण आहे ते दिसलं आणि तो थांबला.

“म्हना की पुरतं,” ती म्हणाली. पदराची गाठ सोडून तिनं पाचाची नोट काढली, घडी उलगडली आणि पुढं धरली. “परदेशी एक द्या.”

ग्यानोबा मोठ्यानं हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याचंही हसू वाळलं.

“काहून? नोट खोटी हाय का, ग्यानोबादादा?”

“चांगुणे, आगं तू इथलीच हायेस. परदेशी कशी व्हशील?”

“इथली असते तर माफ असते. हाय का मी माफ?”

ग्यानोबानं वर माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार? माझ्यावर गावकरी लिहिलं होतं, आणि इतके दिवस मला वाटत होतं की त्या शब्दात ती आहेच. त्या क्षणी मला रामसिंगचा कुंचला आठवला, आणि लाज म्हणजे काय ते पत्र्यालाही कळलं.

“परगावचं तिकीट मागावं,” ती शांतपणे म्हणाली, “तर परगावच्याला तुमी आदी गाव इचारता, मंग आडनाव. मडमला न्हाई इचारलं. पाटील म्हनले, पाव्हण्याला जात नसती. म्या सोता ऐकलं. मंग एक दिस मला पाव्हणी करा.”

बातमी गावात गेली आणि माणसं जमली. किशनराव तरातरा आले. “चांगुणे, चेष्टा करून राहिली का?”

“न्हाई, पाटील. पुऱ्या पाचाची नोट हाय. झाडून मिळवलेली.”

“तुला खाली जाऊन करायचं काय हाय?”

“झरा फुटला तवा माझे पाय भिजले व्हते. पानी तोंडात गेलं नव्हतं. एकडाव पिऊन बघती.”

किशनराव माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, ‘ठेव ती नोट, तू गावकरी हायेस.’ एवढंच म्हणायचं होतं. मी तसं लिहून गळ्यात अडकवून बसले होते, त्यांनी नुसतं वाचायचं होतं. जमलेले लोकही त्यांच्या तोंडाकडं पाहत होते.

“दे तिला तिकीट,” ते अखेर म्हणाले. “गुलाबीच दे. परदेशी म्हनून दे. उद्या कुनी म्हनायला नको, का आमी गावकरी म्हनून सोडलं.”

मी हादरले. पिंप फुटलं तेव्हा हादरले नव्हते, हातोडी पडली तेव्हा नाही, तेवढी हादरले. ज्या बाईच्या नवऱ्यानं झरा मोकळा केला, तिला आपली म्हणण्यापेक्षा परकी म्हणणं त्या माणसाला सोपं गेलं होतं! आणि जमलेल्यांपैकी एकानंही ‘आसं काय करता, पाटील’ म्हटलं नाही. उलट सगळ्यांनी सुटल्यासारखे श्वास सोडले.

ग्यानोबानं तिकीट फाडलं. चांगुणाबाईनं ते गुलाबी चिटोरं कमरेला खोवलं आणि ती उतरू लागली. माझ्या जागेवरून तीनच टप्पे दिसतात. तिसऱ्यानंतर ती दिसेनाशी झाली. वरची माणसं काठाशी वाकली. खालून फक्त पाण्याचा आवाज आला, ओंजळीनं घेतल्याचा.

ती वर आली तेव्हा हात कोपरापर्यंत ओले होते, तोंड ओलं होतं, डोळ्यांचं सांगता येणार नाही.

“कसं हाय पानी?” ग्यानोबानं हळूच विचारलं.

“गोड हाय.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “त्यांनी लई इचारलं व्हतं मला. सांगायला उशीर झाला.”

किशनरावांना ते ऐकवेना, म्हणून असेल, ते एकदम खेकसले, “ग्यानबा, वही भर. परदेशी हाय ना? मंग नाव आन् देश लिही. कायदा म्हंजे कायदा.”

ग्यानोबानं वही उघडली. कसंबसं एकेक अक्षर जुळवत त्यानं लिहिलं, चांगुणाबाई पुंजाजी. मग पेन तसंच धरून विचारलं, “देश?”

“बारवखेडा,” ती म्हणाली.

ग्यानोबाचं पेन हलेना. तो किशनरावांकडं पाहू लागला.

“लिहा की, ग्यानोबादादा. दुसरा कोनता देश हाय मला?”

त्यानं लिहिलं. तिनं शाई लावून खाली अंगठा उठवला. किशनराव पाठ फिरवून निघून गेले. नंतर दुपारी ओल्या पायऱ्यांवर गोमूत्र शिंपडायचं कुणीतरी काढलं, तर ग्यानोबा जन्मात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडला, “मडम गेली तवा शिंपडलं व्हतं का?”

आठवड्याभरात वस्तीतल्या आणखी चार बाया पदराच्या गाठीत पाच-पाच रुपये बांधून आल्या. त्यांतली सोजराबाई नावाची एक सगळ्यांत पुढं होती. त्या संध्याकाळी कमिटी बसली आणि ठरलं, बारव दुरुस्तीसाठी बंद. पायऱ्यांना लोखंडी दार लागलं, दाराला कुलूप. जीपवाले गोरेही परत जाऊ लागले. चार बायांना ओंजळभर पाणी मिळू नये म्हणून गावानं आपल्या बारवेचं तोंड साऱ्या जगाला बंद केलं! मला हे आजही खरं वाटत नाही.

मला झाडावरून उपटून कुंपणाशी फेकलं. तिथून ग्यानोबानं मला उचललं आणि वस्तीत चांगुणाबाईच्या दारात नेऊन ठेवलं. माझ्यावरची धूळ हातानं पुसली आणि तो परत गेला.

तेव्हापासून मी तिच्या रांजणावरचं झाकण आहे. अक्षरांची बाजू तिनं वरच ठेवलीय. खाली तेच मचूळ पाणी, माझं उलटं अंग त्यानं सदा ओलं, म्हणून हा गंज. माझी तक्रार नाही. मागणं एकच आहे. उद्या तुमच्या गावात कुणी पाटी रंगवायला बसलं, तर रामसिंगनं विचारलेला प्रश्न त्याला आधी विचारू द्या, आणि धड उत्तर मिळेपर्यंत कुंचला खाली ठेवायला सांगा. परक्याला किती घ्यायचे ते नंतर ठरवा, आधी आपले कोण ते ठरवा.

परवा उन्हाचा एक वाटसरू दारात आला. पाण्यासाठी मला उचलताना त्यानं वाचलं आणि विचारलं, “माय, ही पाटी कशाची?”

“बारवेची हाय,” चांगुणाबाई म्हणाली. “मी परदेशी व्हते तवाची.”

मग तिनं मला बाजूला ठेवलं आणि त्याला तांब्या भरून दिला. गाव कुठलं, ते विचारलं नाही.