बसमधलं बसमध्ये

बसमध्ये ऐकलेलं बसमध्येच सोडायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. अकोल्याला एसटीवर होतो तेव्हाही हाच होता, आणि इकडे कॅनडात चार्टर बस चालवतो तेव्हाही हाच आहे. ड्रायव्हरला फक्त डोळे असतात असं लोकांना वाटतं, म्हणून त्याच्या पाठीमागं बसून वाटेल ते बोलतात. नवराबायकोची भांडणं, शेजारणीची निंदा, सगळं ऐकलं मी. तेवीस वर्षं नियम पाळला. आणि मोडला कुठं, तर स्वतःच्या घरी, वरण-भात कालवता कालवता.

माझं नाव जनार्दन. राहायला हॅमिल्टनला. बायको प्रमिला इथं हॉस्पिटलात नर्स आहे, तिच्याच नोकरीच्या जोरावर आम्ही इकडे आलो. मुलगी ऊर्मी, वीस वर्षांची, अर्ध्या तासावरच्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. कॉलेजचं नाव सांगत नाही, आधीच पुष्कळ झालं. त्या कॉलेजच्या फुटबॉल टीमची बस माझ्याकडे होती. आपला पायानं खेळायचा फुटबॉल नाही बरं. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तो.

ही २०१७ ची गोष्ट. सीझनचे आठ सामने असतात, त्यातले पाच झाले होते आणि पाचही आम्ही हरलो होतो. 'आम्ही' म्हणतो, कारण हरलेले पोट्टे परत आणायचं काम माझंच. जाताना बसमध्ये गाणी, येताना नुसता ओल्या मोज्यांचा वास.

कोचचं नाव गॉर्ड टेनंट. साठीला आलेला, मान जाड, गुडघे गेलेले. कॉलेजात असताना स्वतः खेळायचा, नंतर इथंच बावीस वर्षं शिकवलं. बसमध्ये त्याची जागा ठरलेली, माझ्या अगदी मागची. चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "चल, घेऊन चल आम्हाला." हरून आल्यावरसुद्धा. माझ्या नोकरीत इतक्या वर्षांत मला हात लावून बोललेला हा दुसरा साहेब. पहिला अकोल्याचा डेपो मॅनेजर, तो मारायला उठला होता.

आणि लोक त्याला काय काय बोलायचे. मॅचच्या दिवशी स्टँडमधून बोंबलायचे, ते एक वेळ ठीक. पण कुणी त्याच्या गाडीच्या काचेवर 'रिटायर हो' लिहून ठेवायचं. ग्रोसरीत त्याच्या बायकोला गाठून एका बाईनं विचारलं, तुझ्या नवऱ्याला लाज कशी वाटत नाही म्हणून. चाहते म्हणे. मी प्रमिलाला म्हणायचो, बाप्पा, असे चाहते असले तर दुश्मन कशाला पाहिजेत.

आमच्याच घरात एक चाहती होती, हेही सांगतो. ऊर्मीनं टीमचं एक फॅन पेज काढलं होतं. चार हजार लोक बघायचे ते. एकही मॅच चुकवायची नाही पोरगी. शून्याखाली थंडी असो, पाऊस असो, गाल रंगवून पहिल्या रांगेत. कोचवर तिचा दात होता. तीन चान्स मिळतात, डाऊन म्हणतात त्यांना, त्यातल्या तिसऱ्याला हा माणूस भिऊन चेंडू लाथ मारून दुसऱ्यांना देऊन टाकतो, असं तिचं म्हणणं. तसं लिहायची ती पेजवर, झणझणीत लिहायची. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. मैदानावर केलेल्या गोष्टीवर ओरडायला तिकीट काढलेल्या माणसाला हक्क आहे.

पाचवा सामना ऑटवा शहरात होता. परत येताना चारशे एक नंबरच्या हायवेवर पुढं ॲक्सिडेंट झालेला, बस मुंगीसारखी चाललेली, संध्याकाळचे सहा. पोट्टे कानात गाणी घालून झोपलेले. कोच मागं फोनवर बायकोशी बोलत होता, हळू आवाजात, पण माझ्या कानापासून दोन फुटांवर.

म्हणाला, "कॅरल, आज पुन्हा झालं. टाइम-आउटमध्ये मुलगा समोर उभा, तीन वर्षं शिकवतोय त्याला, आणि नाव येईना. त्याच्या पाठीवरचा नंबर वाचून बोललो." मग बराच वेळ तिचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टरला सांग, आणखी तीन मॅच. शेवटच्या मॅचनंतर मुलांना मी स्वतः सांगणार. माझ्या तोंडून कळू दे त्यांना. एवढंच मागतोय मी."

फोन ठेवला. आरशात आमची नजर भिडली.

"ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"नाही, कोच," मी म्हणालो.

"थँक्यू," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत बसला.

हे मी घरी काहून सांगितलं? आजही स्वतःला विचारतो. खरं सांगायचं तर जड झालं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार, तिघं जेवायला बसलो होतो. प्रमिलाला सांगावंसं वाटलं, ती नर्स, तिला अशा दुखण्यातलं कळतं. आणि मी मराठीत बोलत होतो. हीच तर गोम आहे. पंधरा वर्षं इथं आमची मराठी म्हणजे कडी लावलेली खोली. दुकानात समोरच्याचा भाव जास्त वाटला की मराठी. लिफ्टमध्ये कुणाच्या अंगाला वास आला की मराठी. कुणाला काय कळतंय. तीच सवय. ऊर्मी समोर बसली होती, एका हातात पोळी, एका हातात फोन, आणि मला वाटलं ती ऐकतच नाही. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलते, तर मराठी तिच्या कानावरून जातं असं मी धरूनच चाललो होतो. पोटची पोरगी, तिच्याशी बोबडं मराठी मीच बोललो होतो, आणि हेच विसरलो.

उरलेलं मग स्वयंपाकघरात सांगितलं. प्रमिलानं सगळं ऐकलं. म्हणाली, "अहो, हे बाहेर कुठं बोलू नका हं. बिचाऱ्याचं त्याला सांगू दे." मी म्हणालो, "मी कशाला बोलतोय बाहेर." आणि ताक मागितलं.

सहावा सामना पुढच्या शनिवारी, विंडसरला. सकाळी आठला बस कॉलेजच्या पार्किंगमध्ये लावली. बघतो तर तीसेक पोरंपोरी निरोपाला उभी. मला आधी बरंच वाटलं. पाच मॅच हरूनही आली म्हटलं पोरं. मग दिसलं, प्रत्येकाच्या छातीवर पांढरा कागद चिकटवलेला, कॉन्फरन्सला लावतात तसा, आणि त्यावर मोठ्या अक्षरात आपापलं नाव. एकाच्या हातात बोर्ड, 'कोच, आम्ही कोण ते आठवतं का?' हसत होते सगळे. कोच बॅग घेऊन आला तेव्हा सगळे एका सुरात आपापली नावं ओरडायला लागले.

पहिल्या रांगेत गाल रंगवलेली ऊर्मी. छातीवर 'ऊर्मी', इंग्रजीत, खाली एक हसरा चेहरा काढलेला.

खाली उतरलो, तिचा दंड धरून बसच्या मागं नेलं. "काय केलंस तू?"

"बाबा, रिलॅक्स. इट्स अ जोक. मी काल रात्री फक्त लिहिलं की कोचला प्लेअर्सची नेम्ससुद्धा आठवत नाहीत. स्टिकर्सची आयडिया माझी नव्हती."

"अगं, आजारी आहे तो माणूस."

"तू 'आजारी' म्हणालाच नाहीस," ती म्हणाली. "तू म्हणालास नाव येईना. आय थॉट ही डझन्ट केअर."

मी आठवून बघितलं. खरंच, डॉक्टरचं मी प्रमिलाला नंतर सांगितलं होतं, स्वयंपाकघरात, ऊर्मी उठून गेल्यावर. तिला अर्धंच मिळालं होतं. पण अर्धं दिलं कुणी? माझा हात तिच्या दंडावरून आपोआप सुटला. तिचा चेहरा पडला होता, रंगासकट. "डिलीट करते," ती म्हणाली. केलंही लगेच, माझ्यासमोर. तोवर ते कुठल्या कुठं गेलं होतं.

कोच बसमध्ये चढला. माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. बसला.

वीस मिनिटं गेली असतील. आरशात मागं बघणं हा माझ्या कामाचा भाग, बघावंच लागतं. एकेक पोट्टा फोन बघायचा, मग मान वर करायचा, मग शेजाऱ्याला कोपरानं ढोसायचा. एकानं कानातलं काढलं, मग दुसऱ्यानं. थोड्या वेळानं चव्वेचाळीस पोट्टे एकाच डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत होते आणि बसमध्ये फक्त टायरचा आवाज. मला वाटत होतं, कुठं तरी गाडी थांबवावी आणि चालत घरी जावं.

कोचला कळलं. असं माणसाला कळतं. तो उठला, वाकला आणि माझ्याकडे हात पसरून म्हणाला, "माइक दे जरा."

माझ्या डॅशबोर्डवर माइक असतो, पॅसेंजरला थांबे सांगायला. मी काढून दिला. माझ्याच हातानं दिला.

"तुम्ही वाचलंत ते खरं आहे," तो म्हणाला. आवाज बसभर फिरला. "डॉक्टर म्हणतात, डोक्याला तरुणपणी जे मार बसले, त्याचं असू शकेल, किंवा दुसरं काही. तपासण्या चालू आहेत. मी तुम्हाला सांगणार होतो. शेवटच्या मॅचनंतर." मग थांबला. "तुमच्यापैकी कुणी हरला नाहीये. मी हरतोय. तुम्ही, म्हणजे तुमच्यात पहिल्या दिवसापासून जो मुलगा... जो रोज सगळ्यात आधी..."

त्यानं हात पुढं केला होता, तिसऱ्या रांगेतल्या कॅप्टनकडे. आणि नाव येईना. माइक चालू. त्याचा श्वास स्पीकरमधून ऐकू येत होता. मी समोर रस्ता बघत होतो, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं. पाच सेकंद असतील, दहा असतील.

"आयझॅक, कोच," तो पोट्टा म्हणाला. साधं, हजेरी दिल्यासारखं.

"आयझॅक," कोच म्हणाला. "हो. थँक्यू."

मागून कुणी तरी विचारलं, "कोच, मंगळवारी प्रॅक्टिस आहे ना?" कोच म्हणाला, "आहे." एवढंच. माइक माझ्या हातात परत आला, घामानं ओला.

विंडसरलाही हरलो. दहा विरुद्ध एक्केचाळीस.

परत आलो तेव्हा पार्किंग रिकामं होतं. पोट्टे उतरून आपापल्या वाटेनं गेले, जाताना प्रत्येकजण कोचच्या सीटजवळ जरासा थांबला. कोच सगळ्यात शेवटी उठला. मी दार अडवून उभा राहिलो. माझं इंग्रजी आधीच तोडकंमोडकं, त्यात त्या वेळी सगळंच सुटलं.

"कोच, मी सांगितलं. माझ्या घरी. जेवताना. माझ्या मुलीनं लिहिलं. चूक माझी."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "त्या संध्याकाळी बसमध्ये जागे आपण दोघंच होतो."

मला वाटत होतं त्यानं शिव्या द्याव्यात. कंपनीला फोन करावा, नोकरी घालवावी माझी. तो नुसता थकून उभा होता, गुडघा चोळत.

तेवढ्यात ऊर्मी दिसली, दिव्याच्या खांबाखाली, सकाळपासून तिथंच होती की परत आली होती कोण जाणे. रंग पुसलेला, अर्धा कानाजवळ राहिलेला. ती बसच्या पायरीपर्यंत आली. "कोच, ते पेज माझं आहे," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं तुम्ही... आय ॲम सो सॉरी." आणि रडायला लागली.

कोच एकेक पायरी उतरला. "तू पहिल्या रांगेतली," तो म्हणाला. "थर्ड डाऊनला ओरडतेस ती. तुझा आवाज मला ऐकू येतो." ती मान हलवत राहिली. "ते बरोबर असतं तुझं, बऱ्याचदा. गेल्या वर्षी दोनदा तर मी खरंच भ्यायलो होतो. तेवढं ओरडत जा. त्याचं मला काही वाटत नाही. मॅच हरल्यावर लोकांनी काय, टाळ्या वाजवायच्या?"

त्याची बायको गाडी घेऊन आली होती, आता त्याला एकट्याला चालवू देत नव्हते. तिनं गाडीचं दार आतून उघडून ठेवलं होतं.

"पण ते आजाराचं मला स्वतः सांगायचं होतं," तो म्हणाला. माझ्याकडे नाही, ऊर्मीकडेही नाही, मधेच कुठं तरी बघत. "तीन आठवडे लिहीत होतो. कागदावर, म्हणजे मधे अडकायला नको. प्रत्येक मुलाचं नाव घातलं होतं, चव्वेचाळीस. कॅरलनं तपासून दिलं होतं, एकही सुटलं नव्हतं."

"मग आता वाचा ना, कोच," ऊर्मी म्हणाली. "शेवटच्या मॅचला वाचा. प्लीज."

"आता त्यांना माहीत आहे," तो म्हणाला. बॅग उचलली आणि गाडीकडे गेला.