फर्रुखनगरची खुर्ची

हेरंबनं बूट हातात घेतले आणि अनवाणीच बावडीच्या खालच्या पायरीवर उतरला. वर जूनचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. इथं दगड मात्र गार. क्षिप्रा आधीच पाय पसरून बसली होती आणि मोबाईलवर कमानीचा फोटो काढत होती.

"आर्ट अँड कल्चर," ती म्हणाली. "नोट्समध्ये टाक."

"गप गं. रविवार आहे."

रविवारी अभ्यासाचं बोलायचं नाही आणि कुतुबमिनारच्या गर्दीत जायचं नाही, हे मुनिरकातल्या या दोन शेजाऱ्यांचं चार वर्षांपासून ठरलेलं. सकाळची मेट्रो पकडायची, पुढे हरियाणा रोडवेज, आणि जिथं कुणी सेल्फी काढायला येत नाही असं एखादं गाव गाठायचं. कधी झज्जरचे मकबरे, कधी नुसतंच शेत. आज फर्रुखनगर.

पण आजचा रविवार नेहमीसारखा नव्हता. दहाएक दिवसांपूर्वी स्पर्धा परीक्षेचा अंतिम निकाल लागला होता. मुलाखत दोघांनी दिली होती, यादीत नाव मात्र हेरंबचं एकट्याचंच. क्षिप्राचा हा शेवटचा अटेम्प्ट. "पार्टी पाहिजे हां," एवढं बोलून तिनं विषय मिटवला होता. रडली नाही, चिडली नाही, काहीच नाही. तेव्हापासून हेरंबच्या घशाखाली पेढा उतरत नव्हता. उद्या रात्री तो गावी निघणार होता, सत्कारांना. आज विचारायचंच, असं ठरवून तो आला होता. ठीक आहेस ना? पुढे काय? बस, एवढंच.

"क्षिप्रा, ऐक ना..."

"कौण हो भाई? अड़ै के करो हो?"

इथं काय करताय, म्हणून वरून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. पांढरं धोतर, हातात लाठी, मागे उन्हाचा झोत. एरवी अशा वेळी 'तैयारी करते हैं, ताऊजी' म्हणून सटकायचं. आज क्षिप्रा ताडकन उठली.

"ताऊजी, ये अफसर बने हैं! बड़ी परीक्षा पास की है। आपका गाँव देखने आए हैं।"

"ए, काय बोलतेस!" हेरंब दबक्या आवाजात म्हणाला.

"लाठी बघितलीस का? चूप बस."

लाठी खाली आली. थोड्याच वेळात दोघं ताऊजींच्या अंगणात होते. आतून प्लॅस्टिकची खुर्ची आली, फडक्यानं पुसली गेली आणि कडुलिंबाखाली मांडली गेली. एकच. ताऊजी स्वतः समोर खाटेच्या कडेला टेकले, हात जोडल्यासारखे करून. क्षिप्राला त्यांच्या सुनेनं हाताला धरून ओसरीवर नेलं. तिथं लोणच्यासाठी कैऱ्या चिरायचं काम चाललं होतं.

"साहब, भतीजे ने दीवार एक बालिश्त आगे ले ली," ताऊजींनी सुरुवात केली.

हेरंबनं मान हलवली. अजून ट्रेनिंगही सुरू नव्हतं. पोस्टिंग कुठं मिळेल, देव जाणे. पण ताऊजींचा चेहरा बघून तसं सांगवेना. तो पाठ ताठ करून बसला होता. पाठ टेकली की खुर्ची करकरायची.

ओसरीवर मात्र हशा चालला होता. क्षिप्रा मांडी घालून बसली होती, कोपरापर्यंत हळद-मीठ.

"तेरा भी हो गया के?" सुनेनं विचारलं.

"नहीं दीदी, मेरा नहीं हुआ। आख़िरी बार था।"

हेरंबचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. ताऊजी भिंतीची लांबी सांगत होते.

"बुरा लाग्या होगा।"

"दो दिन लगा," क्षिप्रा म्हणाली. "फिर एकदम हल्का। सुबह उठी तो लगा, आज कुछ भी नहीं पढ़ना! सच्ची। पर वो जो बैठा है ना, उसको नहीं बोला। वो मेरे लिए मुँह लटका के घूम रहा है। इतना दुखी है बेचारा, मैं खुश कैसे दिखूँ?"

बायका खिदळल्या. हेरंब वळला नाही. ताऊजींकडे बघून म्हणाला, "जी. देखता हूँ."

परतीच्या बसमध्ये दोघांना मागची सीट मिळाली. खिडकीतून गरम वारा येत होता.

"काय म्हणत होते ताऊजी?"

"भिंतीचं. पुतण्यानं वीतभर पुढे घेतलीय."

"मग?"

"देखता हूँ म्हणालो."

"अरे देवा!" ती खो-खो हसली. "झालास की रे साहेब! पहिल्याच दिवशी!"

तोही हसला. मग विचारलं, "आणि तुमच्याकडे काय चाललं होतं?"

"काही नाही. कैऱ्या."

तो खिडकीबाहेर बघू लागला. कापून झालेली गव्हाची शेतं मागं जात होती, मधेच एखादी वीटभट्टी.

"नारनौल राहिलंय आपलं," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी तू जाऊन ये."

"एकटी?"

"हो. मजेत फिर. कुणाचं लटकलेलं तोंड बघायला नको."

क्षिप्राचं हसू थांबलं. निकालानंतर पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. तो वाकून, सुटलेली नसलेली बुटाची नाडी पुन्हा बांधत होता.

"हेरंब."

"हं?"

"उद्या निघायच्या आधी चहाला ये. सांगते."

काय ते त्यानं विचारलं नाही. खिडकीची जागा तिला दिली आणि सीटला पाठ टेकून डोळे मिटले.