पायाने चालतं का?

टाकेबाईंचा आनंद सकाळपासून पोटात मावत नव्हता. लग्नाच्या दिवशीसुद्धा तू इतक्या लवकर तयार झाली नव्हतीस, असं नवरोबांनी चिडवून पाहिलं. पण ऐकतंय कोण!

शिवणाच्या खोलीतला चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर वीस वर्षं इमानेइतबारे चालला आणि गेल्या महिन्यात त्याने मान टाकली. त्यावर बाई एकट्याच चौघांचं मेंडोलिन वाजवायच्या, कापडावर कापड ठेवावं तसे एकावर एक थर देत. आता संगणकावर म्हणे शंभर थर देता येणार होते. शंभर! नुसत्या विचाराने बाईंची बोटं शिवशिवत होती.

माइक ठरला होता, हेडफोन ठरला होता. घोडं अडलं होतं पेडलवर. दोन्ही हात मेंडोलिनवर असताना रेकॉर्डिंग चालू-बंद करणार कोण? जुन्या यंत्राला पेडल होतं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. ते नसेल तर बटण दाबायला माणूस लागणार, आणि माणसासमोर बाईंची बोटं लाकडाची व्हायची. नवऱ्यासमोरसुद्धा. म्हणून तर ते साडेसहाला घरी यायच्या आत, दार लावून वाजवणं उरकलेलं असे. पायाचं जमलं नाही तर वाजवणंच बंद, इतकं ते साधं होतं.

नवरोबांना घेऊन बाई वाद्यांच्या दुकानात पोचल्या, तेव्हा तिथल्या चष्मेवाल्या मुलीने दोन डबे मांडले. माइकचा आवाज संगणकात पोचवायचं काम दोन्ही सारखंच करत. फरक एवढाच, की मोठ्याला हेडफोन लावायच्या दोन जागा होत्या.

"मला डोकं एकच आहे," म्हणत बाईंनी मोठा बाजूला सारला. "हा पायाने चालतो का, ते सांग."

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मुलीने डबा उलटसुलट केला, तर मागे पेडलसाठी भोक होतं! बाईंनी पिशवीतून चिंधीत गुंडाळलेलं जुनं पेडल काढलं. पिन चपखल बसली. भर दुकानात टाळ्या पिटायच्याच काय त्या बाकी राहिल्या.

काचेच्या छोट्या खोलीत सगळं जोडून झालं. बाईंनी घरून आणलेलं मेंडोलिन मांडीवर घेतलं, हेडफोन चढवला, पेडलवर पाय ठेवला आणि एकदा रिकामंच दाबलं. शिवण घालण्याआधी मशीन रिकामं फिरवून बघायची सवय, दुसरं काय. मग हेडफोनमध्ये सूर लावून आठही तारा जुळवत बसल्या. माइकजवळ उभे राहून नवरोबा त्या मुलीशी काहीतरी पुटपुटत होते. बाईंना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही.

जुळवून झाल्यावर त्यांनी दोघांना बाहेर पिटाळलं, काचेकडे पाठ केली, पेडल दाबलं आणि वाजवलं. असं झकास वाजलं की त्या स्वतःवरच खूश झाल्या. संपल्यावर पुन्हा पेडल दाबलं. समोरच्या स्क्रीनकडे बघायचं त्यांना सुचलंच नाही.

मुलीने आत येऊन रेकॉर्डिंग लावलं. बाईंच्या कानात आधी तारांची टुणटुण आली आणि मग, अगदी जवळून, नवऱ्याचा आवाज.

"पेडल नाही जमलं, तर बटण दाबायला नवरा आहे ना, असं तिला म्हणू नका हं. मी आत गेलो की तिचं वाजवणं थांबेल. मी पाचलाच येतो घरी. जिन्यावर बसून ऐकतो साडेसहापर्यंत. तिला ठाऊक नाही."

मग दार लागल्याचा आवाज, आणि पुढे काहीच नाही. मेंडोलिन गायब.

मुलीने ओशाळून समजावलं: ते पहिलं दाबणं मोजलं गेलं होतं. वाजवायला लागल्या तेव्हा रेकॉर्डिंग बंद झालं होतं.

बाईंना आधी लाज वाटली. मग राग आला. वीस वर्षं हा माणूस जिन्यावर बसतोय आणि तोंडातून एक शब्द नाही! मग मात्र त्यांनी वळून पाहिलं. काचेपलीकडे नवरोबा रिकामी पिशवी दोन्ही हातांत धरून उभे होते.

"पुसून टाकू?" मुलीने विचारलं.

"खबरदार," बाई म्हणाल्या. "आणि तो मोठा डबा दे. हेडफोन दोन."

तेवढ्यात नवरोबा आत आले. "अगं, दुसरा हेडफोन कशाला?"

"जिना गार असतो," असं म्हणून बाईंनी पेडल पुन्हा चिंधीत गुंडाळलं.